मोटार मुक्कामाला कुठं असते?

विम्याच्या धंद्यात मी एकवीस वर्षं घालवली, त्यातली पहिली बारा निजामाच्या राज्यात. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न 'नाव काय' असा कधीच विचारला नाही. माझा पहिला प्रश्न असायचा, 'मोटार रात्री कुठं असते?' या प्रश्नापायी जालन्यातल्या एका भल्या अडत्यानं मला दुकानाच्या ओट्यावरून खाली उतरवलं होतं. त्याला वाटलं, मी त्याच्या घरच्या भानगडी काढायला आलोय. दोन दिवसांनी त्यानंच मला बोलावून घेतलं आणि दार लोटून हळूच सांगितलं, "घरापुढंच असते हो, खरंच!"

बाहेरच्या माणसाला वाटतं की मोटारीचा विमा मोटारीकडं बघून ठरतो. किती जुनी, किती किमतीची, कोण चालवतो. ते तर बघतातच. पण मुंबईला आमच्या कंपनीच्या कचेरीत एक छापील तक्ता होता आणि त्यात गावांच्या तीन पायऱ्या केलेल्या होत्या. वरच्या पायरीवर मोठी शहरं. मधल्या पायरीवर रेल्वे आणि बाजारपेठ असलेली गावं, म्हणजे आमचं जालना. इथं कापसातली सरकी काढणारे जिनचे कारखाने, टांगे, गाड्या, माणसांची रेटारेटी, म्हणून हप्ता जादा. आणि सगळ्यात खाली बाकीचा मुलूख, भोकरदन, शहागड आणि आजूबाजूची खेडी. तिथं हप्ता सगळ्यात कमी. तक्ता करणाऱ्या साहेबाचा हिशेब सरळ होता. खेड्यात हवा मोकळी, रहदारी नाही, मोटारीला धक्का लागायचा तरी कुणाचा? बरोबरच होतं त्याचं. रहदारी नव्हती. रस्ताही नव्हता, पण रस्ता नसणं हा धोका त्या तक्त्यात कुठंच धरलेला नव्हता.

शिवाय हप्ता भरायचा इंग्रजी कलदार रुपयांत आणि आमच्याकडं चालायचा निजामाचा हाली शिक्का. बदलून घेताना आणखी चटका बसायचा. गिऱ्हाईक आकडा ऐकून म्हणायचं, "एवढा खर्चा? मंग मोटार जळू द्या न्हाईतर बुडू द्या, मला न्हाई परवडत." आणि उठून जायचं.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. डोकं गरम आणि जीभ तिखट. मुंबईचा तक्ता मुंबईतच हरवायचा असं मी मनावर घेतलं. युक्ती माझ्या डोळ्यापुढंच होती. जालन्यात राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मूळचा कुठल्या ना कुठल्या खेड्याचा. तिथं वाडवडलांची एखादी खोली, दाराला कुलूप, किल्ली शेजाऱ्याकडं आणि वर्षातून एकदा देवाच्या नाहीतर उरसाच्या निमित्तानं चक्कर. मी अर्जात तेच गाव लिहायला लागलो. पत्ता खोटा नव्हता, घर होतं, कुलूप होतं. फक्त मोटार तिथं कधी गेलेली नव्हती, आणि बऱ्याच ठिकाणी ती जाऊ शकतही नव्हती.

बघता बघता धंदा वाढला. माझ्या कागदांवर विश्वास ठेवला असता तर त्या काळात जालन्यात एकही मोटार मुक्कामाला नव्हती. दिवसभर बाजारात धुरळा उडवायच्या आणि दिवे लागायच्या वेळेला गाईंसारख्या आपापल्या गावी परतायच्या!

याला एकच अपवाद होता. भोकरदनकडचे एक देशमुख. त्यांची मोटार खरोखर त्यांच्या गावात, चिरेबंदी गाडीखान्यात असायची. मी आनंदानं म्हणालो, "देशमुख, तुमचं काम सोपं आहे. तुम्हाला हप्ता कमी बसतो."

"कमी? का म्हणून कमी?"

"खेड्याचा दर आहे ना."

देशमुखांनी पानाचा विडा खाली ठेवला. "म्हंजे जालन्याच्या कापडवाल्याच्या मोटारीचा भाव वर आन् आमच्या मोटारीचा खाली? बिलकुल चालायचं न्हाई. जालना लिवा."

"अहो, पण पैसे जास्त पडतील."

"तुम्हाला कुणी रडून दाखवलं का पैशापायी? औरंगाबादचा दर आनखी जादा आसंल तर औरंगाबाद लिवा!"

जालना लिहून मी सुटका करून घेतली. असा आमचा कारभार. खेड्यात राहणारा एकटा माणूस शहराचा दर भरत होता आणि सगळं शहर खेड्याचा. कंपनीला सरासरी पडत असेल म्हणून मी मनाची समजूत काढत होतो.

आता युसुफभाईची गोष्ट सांगतो. खरं तर तीच सांगायला बसलोय, इकडचं तिकडचं बोलून इतका वेळ टाळत होतो.

युसुफभाई जुन्या जालन्यात मस्तगडला राहायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आधी त्यांचा टांगा होता. टांगा आणि दोन्ही घोडे विकून, वर बायकोचे दागिने घालून त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि स्टेशनावर भाड्यानं लावली. वरच्या कापडी हुडाला चार ठिगळं होती, पण पितळी भोंगा असा चकचकीत ठेवायचे की त्यात बघून दाढी करावी. कापसाच्या व्यापाऱ्यांना जिनावर न्यायचं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, हे त्यांचं काम. बाळंतिणीकडून त्यांनी कधी भाडं घेतलं नाही. माणूस एवढा सरळ की माझ्यासारख्याला त्याच्यापुढं अवघडल्यासारखं व्हायचं.

अर्ज भरताना ते म्हणाले, "एजंटसाब, मी मस्तगडात राह्यतो. गाडी बी तिथंच, घरापुढच्या मैदानात उभी करतो. मस्तगडच लिवा ना बराबर."

मी हसलो. "युसुफभाई, मूळ गाव कोणतं तुमचं?"

"वाकडगाव. शहागडहून गंगा उतरून पलीकडं." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.

"घर आहे तिथं?"

"हाय की अब्बाचं. एक खोली. पर मी चार साल झाले तिकडं गेल्तो, त्याच्यानंतर न्हाई."

"मंग झालं तर," असं म्हणून मी वाकडगाव लिहून टाकलं. अर्जात खाली आणखी एक प्रश्न होता. मोटार गवताच्या छपराखाली, चारा, कडबा किंवा विस्तवाजवळ ठेवता काय? मी न विचारताच 'नाही' लिहिलं. ते तरी खरं होतं. युसुफभाईंनी सही केली, पण पेन खाली ठेवताना म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्हाला समजतं. पर मला हे बरं वाटून न्हाई राह्यलं."

तिसऱ्या वर्षी, ऐन कापसाच्या हंगामात, एका व्यापाऱ्याला घेऊन ते जिनावर गेले होते. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. मोटार उभी करून ते पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात कुणाच्या तरी विडीची ठिणगी एका गाडीवर पडली. कापूस पेटायला वेळ लागत नाही. युसुफभाई धावत आले आणि मोटार ढकलायला लागले. लोकांनी ओढून काढलं म्हणून वाचले. दोन्ही हात भाजले, मोटारीचा नुसता सांगाडा राहिला. तो पितळी भोंगा वितळून खाली ओघळलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

मी घरी गेलो तेव्हा त्यांची बायको हलीमाबी दारात उभी होती. एकच प्रश्न विचारला तिनं, "भाईजान, पैसा मिलेगा ना?" विम्याची रक्कम आली तर दुसरी जुनी गाडी घेता येणार होती. नाही आली तर टांगा गेलेला, घोडे गेलेले, मोटार गेलेली आणि घरात चार लेकरं. मी छाती ठोकून म्हणालो, "बराबर मिलेगा, भाभी. ये मेरा जिम्मा."

पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. चौकशीला इन्स्पेक्टर वर्तक येत आहेत, मोटार जिथं ठेवली जात असे ती जागा दाखवावी. जागा दाखवायची म्हणजे वाकडगाव! मस्तगडातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की युसुफभाईची मोटार कुठं उभी असायची. पत्ता खोटा निघाला की क्लेम बुडाला, असं मी धरून चाललो होतो. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला, मला सगळं समजतच होतं ना!

युसुफभाई म्हणाले, "एजंटसाब, साहेबाला सच सांगून टाकू. मस्तगडात ठेवत होतो. जे होईल ते होईल."

मी त्यांच्यावर खेकसलो. "तुम्ही तोंड उघडायचं न्हाई! हाताला पट्ट्या आहेत, ताप आहे म्हणून घरी पडून राहा. मी बघतो." त्यांनी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या माणसावर मी ओरडलो, तेही त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघत.

मी जल्दीनं वाकडगाव गाठलं आणि पोलीस पाटील तात्यांना भेटलो. सगळं समजावून सांगितलं. "तात्या, साहेब आले की एवढंच सांगायचं, मोटार इथं मुक्कामाला असायची. बस. जास्त काही न्हाई."

तात्या पाटील म्हणाले, "आपल्या रहमानचाच्याचं पोरगं ते. त्याच्यासाठी एवढंबी करणार न्हाई का आमी? तुम्ही बेफिकीर जा, एजंटसायेब. काही कमी पडू देणार न्हाई."

या शेवटच्या वाक्याची मला भीती वाटायला हवी होती.

वर्तकसाहेब किरकोळ अंगाचे, बोलायला मऊ, हातात कायम रुमाल आणि डायरी. जालन्याहून शहागडपर्यंत भाड्याच्या मोटारीनं, पुढं नावेतून नदी उतरून आणि मग पायी असे आम्ही वाकडगावात पोचलो. रस्ता कुठं दिसतो का म्हणून साहेब दोनदा थांबून इकडंतिकडं बघत होते. मी त्यांना पाखरं दाखवत होतो.

वेशीत अख्खा गाव उभा. तात्यांचा गोठा शेणानं सारवलेला, दाराला आंब्याचं तोरण. तात्यांनी साहेबांना हाताला धरून आत नेलं. "ही बघा जागा. हितं ऱ्हायची मोटार."

"इथं? गोठ्यात?"

"मंग! बैलाच्या शेजारी. आमी तिला जनावरापरमानंच जपत होतो." तात्यांनी वर बोट दाखवलं. "ऊन लागू न्हाई म्हून छपरावर कडबा रचला. आजूबाजूनं बी पेंढ्या लावल्या, वारं लागू न्हाई म्हून."

वर्तकसाहेब लिहीत होते. मी खोकलो. तात्यांना वाटलं, मला ठसका लागला. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

"आणि थंडीत?" साहेबांनी विचारलं.

"थंडीत शेकोटी करायचो की जवळ! इंजान गारठतं ना, सायेब. मुकं जनावर, बोलून थोडंच दाखवतंय?"

गर्दीतली एक म्हातारी पुढं सरकली. "मी तर सोता रोज दिवा लावीत होते तिच्या म्होरं. चाकापाशी. एक दिस चुकले न्हाई."

"नदी कशी ओलांडायची मोटार?"

"दोन नावा जोडून बांधायच्या आन् वर चढवायची. दोन्हीकडून चार-चार गडी धरून बसायचे. पावसाळ्यात तर लईच जपून. एकदा निम्मी पाण्यात गेल्ती, पर आमी सोडली न्हाई!"

सगळा गाव माना डोलावत होता. त्यातल्या निम्म्या लोकांनी जन्मात मोटार बघितलेली नसेल. त्यांना वाटत होतं, कंपनीचा साहेब हे बघायला आलाय की युसुफच्या मोटारीची आबाळ तर नाही ना झाली! पोरगी नांदायला दिलेल्या घरी पाहुणा आल्यावर जसं सांगावं, तसं ते सांगत होते. तात्यांनी जबाबाखाली मोडीत झोकदार सही ठोकली. साहेबांना भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असं आग्रह करकरून जेवायला घातलं. साहेब पोटभर जेवले.

परत येताना मी खुशीत होतो. माझ्या मते तात्यांनी जरा जास्तच रंगवलं होतं, पण मुद्दा तर पक्का झाला होता ना? मोटार वाकडगावात असायची, हे अख्ख्या गावानं सांगितलं होतं. पत्ता खरा, कागद खरा. आता पैसे अडवतो कोण?

जालना स्टेशनावर गाडीला थोडा अवकाश होता. वर्तकसाहेब बाकावर बसले आणि रुमालानं चेहरा पुसत म्हणाले, "काय माणसं आहेत हो! मला फार वाईट वाटतं. पण क्लेम नामंजूर करावा लागणार."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "का, साहेब?"

"कडब्याच्या छपराखाली, शेजारी शेकोटी, चाकाशी दिवा, वर रोज नावेतून नदी. अर्जात याच प्रश्नाला 'नाही' लिहिलंय. एवढा धोका लपवून ठेवलेली गाडी कंपनी कशी मान्य करील?" मग ते थोडं हसले. "खरं सांगू? मी वेगळ्याच तयारीनं आलो होतो. मला वाटलं होतं, गाडी इथं जालन्यातच राहत असणार आणि हप्ता वाचवायला खेडं लिहिलं असणार. तुमच्याकडचे सगळेच तसं करतात, ते काय आम्हाला मुंबईत कळत नाही? तुमच्या कागदांवरून जालन्यात मोटारच नाही, हे आमच्या मोठ्या साहेबांच्याही लक्षात आलंय. तसं असेल तर मागच्या हप्त्यांतला फरक कापा आणि बाकी रक्कम देऊन टाका, असा मला हुकूम होता."

'सच सांगून टाकू' एवढंच म्हणत होते हो युसुफभाई. मी त्यांना घरी कोंडून घातलं होतं.

"साहेब..." मी तोंड उघडलं.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. माणूस मऊ होता, पण बावळट नव्हता. "काही सांगायचंय? त्याआधी मी एक सांगतो. हा जबाब खोटा आहे असं आता कुणी म्हटलं, तर त्या पाटलानं सही करून खोटं सांगितलं असा अर्थ होतो. आणि ज्यानं ते सांगायला लावलं त्याची एजन्सी त्याच दिवशी जाते. बोला, काय म्हणत होता?"

गाडी फलाटाला लागत होती. मी म्हणालो, "पाणी आणू का तुमच्यासाठी?"

"आणा थोडं," ते म्हणाले. मी त्यांच्या तांब्यात पाणी भरून आणून दिलं आणि गाडी गेली.

पाटलांना त्रास नको म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी एजन्सीसाठी गप्प बसलो. माझं लग्न ठरत होतं, धंदा जमत होता आणि मला भीती वाटली. लाज वाटते हे लिहिताना, पण आता हे लपवण्यात काही अर्थ नाही.

नामंजुरीचं पत्र इंग्रजीत आलं. मीच ते मस्तगडला जाऊन वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. अर्धाच सांगितला. हलीमाबी आत निघून गेली. युसुफभाई मलाच म्हणाले, "जाऊ द्या, एजंटसाब. तुम्ही दिल छोटा करू नका."

तात्या पाटील बाजाराला आले तेव्हा मुद्दाम मला गाठून विचारायला लागले, "मंजूर न्हाई झालं म्हनं? आमचं काही चुकलं का? काही कमी सांगितलं का आमी?"

"न्हाई, तात्या," मी म्हणालो. "काहीच कमी सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून मी खरे पत्ते लिहायला लागलो. हप्ते वाढले, निम्मी गिऱ्हाइकं शिव्या देऊन सोडून गेली. दोन वर्षांनी कंपनीनं मला एक घड्याळ बक्षीस दिलं. 'चोख कागदपत्रांबद्दल' असं त्याच्यासोबतच्या पत्रात लिहिलं होतं. ते घड्याळ मी कधी हातात घातलं नाही. विकलंही नाही.

मोटार गेल्यावर मस्तगडची भाड्याची खोली युसुफभाईंना झेपेना. दुसऱ्याच्या गाडीवर जावं तर भाजलेली बोटं वळत नव्हती, सुकाणू धरता येत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि बायकापोरांना घेऊन वाकडगावला बापाच्या खोलीत राहायला गेले. अर्जात मी लिहिलेला पत्ता आता बिनचूक खरा झाला होता. फक्त विमा उतरवायला मोटार नव्हती.

त्याच वैशाखात माझं शहागडला काम निघालं. नदीकाठाला गेलो तर पलीकडच्या वाळवंटात एक माणूस वाळूतल्या वेलांना पाणी घालताना दिसला. घागर दोन्ही मनगटांत धरून ओतत होता, म्हणून ओळखला. मी परत फिरणार होतो, पण त्यांनी हाक मारली. पाणी गुडघ्याएवढंच होतं, मी चालत पलीकडं गेलो.

"अरे, या या! एवढ्या उन्हात?" त्यांनी मला झोपडीच्या सावलीत बसवलं. हलीमाबीनं पाणी दिलं. पोरं वाळूत खेळत होती. युसुफभाईंनी मला वेल दाखवले, टरबुजाची वाडी यंदा बरी आलीय म्हणाले. स्टेशनावर आता कुणाच्या गाड्या लागतात, ते एकेक नाव घेऊन विचारलं.

मी मनाशी म्हणालो, आता सांगावं. साहेब फलाटावर काय म्हणाला ते सांगावं. तुमचं खरं सांगितलं असतं तर पैसे मिळाले असते, मीच ते बुडवले, हे सांगून मोकळं व्हावं. मी म्हणालोसुद्धा, "युसुफभाई, एक गोष्ट राह्यली सांगायची."

"कसली गोष्ट? त्या विम्याची का?" त्यांनी हात हलवला. "छोडो हो. मी तर सगळ्या गावाला सांगतो, माझ्यासाठी एजंटसाब लई फिरले. साहेबाला घेऊन इथवर आले. आपला सगा भाऊ बी एवढं करत न्हाई." मग उठून त्यांनी वेलांत हात घातला, वळत नसलेल्या बोटांनी चाचपून दोन मोठी टरबुजं काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "घेऊन जा. घरी नवी नवरी आलीय म्हणं तुमच्या. तिला सांगा, युसुफभाईनं दिली."

मी ती टरबुजं घेतली आणि त्यांचे आभार मानले.